बेटाची ओढ आणि इंदूरचा उकिरडा

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी नोकरदाराचे पहिले वर्ष घर, मुलांची शाळा आणि प्रवासभत्त्याची बिले यांत जाते. दुसऱ्या वर्षी त्यास गावाची आठवण येऊ लागते. तिसऱ्या वर्षापासून जी आठवण येऊ लागते ती मात्र चमत्कारिक असते, कारण ती त्याने कधीही न पाहिलेल्या जागेची असते. चोहोंकडे समुद्र, मध्ये एक हिरवे बेट, त्यावर नारळ, केळी, मिरीचे वेल, पाचसहा गाई. शेतात रासायनिक खताचा कण नाही आणि घरात फाइलीचा कागद नाही. पहाटे उठावे, मातीत हात घालावेत, आपण पिकविलेले आपण खावे. हे मनोराज्य आम्ही लेखापरीक्षकांच्या तोंडून ऐकले आहे, टपालखात्यातल्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ज्यांनी आयुष्यात कुंडीतली तुळसही जगविली नाही अशांच्या तोंडून तर फारच रंगून ऐकले आहे. आम्ही स्वतः त्यातून सुटलो आहोत असे नाही. स्वेच्छानिवृत्तीस वीस वर्षांची सेवा लागते. आमची बारा झाली. उरलेल्या आठांचा हिशेब आम्ही एकाहून अधिक वेळा कचेरीच्याच कागदावर मांडला आहे.

या ओढीची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु इतक्या निरनिराळ्या प्रकृतीच्या माणसांना एकच स्वप्न पडत असेल तर त्याचे मूळ शोधणे बरे, असे वाटून आम्ही काही वाचन केले. त्यात असे दिसून आले की या स्वप्नाचे दोन भाग, म्हणजे बेट आणि सेंद्रिय शेती, हे इतिहासात फारसे एकत्र नांदलेले नाहीत. बेटावर गेलेल्या आपल्या लोकांना तेथे स्वतःची शेती मिळाली नाही, निदान दोन पिढ्या तरी नाही. आणि ज्याने सेंद्रिय शेतीचा पाया घातला तो बेट सोडून इकडे आला होता, सरकारी नोकरीत होता, आणि त्याच्या पायाभूत ग्रंथावर त्याच्याबरोबर एका मराठी साहाय्यकाचे नाव आहे. ही शेवटची गोष्ट आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी एकासही ठाऊक नव्हती. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम बेटाविषयी. बंगळूरने समुद्रापलीकडच्या बेटाकडे आशेने पाहिले त्यास सव्वादोनशे वर्षे होऊन गेली. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव मागाहून म्हैसूरच्या वोडेयरांकडे, आणि पुढे हैदराच्या हाती आले. १७६० च्या सुमारास हैदराने येथे लालबाग घातली. त्याच्या मुलाला, टिपूला, झाडांचा नाद बापाहून अधिक. त्याकाळी मॉरिशस फ्रेंचांकडे होते व त्यास 'ईल द फ्रान्स' म्हणत. तेथील कारभारी प्येर प्वाव्र याने डचांच्या मक्त्यातील लवंग व जायफळ यांची रोपे मोलुक्का बेटांतून १७७० च्या सुमारास गुपचूप आणवून बेटावरील बागेत लाविली होती. ती रोपे आपल्याकडे यावीत म्हणून टिपूने फ्रेंचांशी पत्रव्यवहार केला, आणि १७८८ त त्याचे वकील सोळाव्या लुईच्या दरबारी गेले तेव्हा तोफा ओतणाऱ्या कारागिरांच्या जोडीने माळी व बियाणे यांचीही मागणी त्यांनी केली. तोफांच्या यादीत माळ्याची मागणी घालणाऱ्या या राजाविषयी इतर मतभेद काहीही असोत, त्याची ही हौस खरी होती. मात्र लवंगेस समुद्रकाठची दमट हवा लागते. तीन हजार फूट उंचीवरच्या या कोरड्या पठाराला ती कोठून मानवणार! बेटाची हवा मागवून येत नाही, हे बंगळूरकरांना तेव्हाच कळावयास हवे होते.

टिपूला ज्या बेटावरून झाडे हवी होती त्याच बेटावर पुढे अर्धशतकाच्या आत मराठी माणसे जाऊ लागली. १८१० त मॉरिशस इंग्रजांनी जिंकले. १८३५ त तेथील गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे झाले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुईस उतरले होते. तेव्हापासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या धक्क्यावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसे होती, आणि त्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील, पुष्कळ होती. जो कोकणी माणूस आंबा, फणस, नारळ, पोफळ यांच्यामध्ये जन्मला त्याला समुद्र ओलांडून दुसऱ्या नारळाच्या देशात नेण्यात आले, आणि तेथे त्याच्या वाट्यास नारळ नव्हे तर ऊस आला.

पगार महिना पाच रुपये, मुदत पाच वर्षे. आमच्या वाचकांपैकी आस्थापना शाखेत ज्यांनी काम केले आहे त्यांनी पुढील कलम लक्षपूर्वक वाचावे: मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापला जाई. या 'दुहेरी कपाती'मुळे महिन्याअखेर हाती काही न उरण्याची वेळ अनेकांवर येई. बेटाची जमीन ज्वालामुखीच्या काळ्या दगडांची. ते दगड हातांनी वेचून शेतांतच रचून ठेविले गेले. त्यांचे मोठमोठे ढीग मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आजही पाहावयास मिळतात. भात खाणाऱ्या या माणसांना तांदूळ भारतातून जहाजाने येई, कारण बेटावर साखरेवाचून दुसरे पिकविण्यास जागाच नव्हती. आणि त्या साखरेसाठी जमिनीचा कस टिकावा म्हणून १८५० नंतरच्या काळात ग्वानो, म्हणजे पेरूच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर साठलेली समुद्रपक्ष्यांची विष्ठा, खत म्हणून आणून टाकीत. एका बेटाचा कस खणून दुसऱ्या बेटात ओतावयाचा, आणि तेथून साखर करून तिसऱ्या बेटात, इंग्लंडात, चहात विरघळवावयाची, असा हा व्यवहार होता. त्यात मातीकडे काही परत जात नसे.

पुढे, १८७० व १८८० नंतरच्या मंदीत मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, त्या भारतीयांनी पैपै साठवून घेतल्या आणि मजुरांचे शेतकरी झाले. मराठी भाषा तेथे शाळांतून शिकविली जाते, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते, आणि ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ त युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या लोकांविषयी आम्हांस अभिमान वाटतो. परंतु आमच्या मनोराज्यातले बेट व त्यांनी पाहिलेले बेट यांत नकाशावर काही फरक नाही, हेही आम्हांस विसरता येत नाही.

आता दुसऱ्या महासागरातील दुसऱ्या साखरेच्या बेटाकडे वळू. वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस येथे ब्रिटिशांनी त्या सर्व बेटांसाठी एक शेतीखाते उघडले होते. त्यात १८९९ त एक इंग्रज तरुण बुरशीरोगांचा तज्ज्ञ म्हणून नेमला गेला. त्याचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. श्रॉपशायरमधील शेतकऱ्याचा मुलगा, केंब्रिजचा पदवीधर, उष्ण कटिबंधातील सुंदर बेटावर सरकारी नोकरी. आमच्यापैकी कोणासही हेवा वाटावा असे सारे जुळून आले होते. आणि हा गृहस्थ तेथे तीन वर्षांत कंटाळला. उसाच्या रोगांचा अभ्यास तो प्रयोगशाळेत करी, परंतु सुचविलेला उपाय स्वतः पेरून, उगवून, तोडून पाहण्यास त्याला हातभरही जमीन नव्हती. शेतकऱ्याला जो सल्ला आपण देतो तो आपण कधी पाळलेला नाही, ही बोच त्याला बेटावर लागली आणि ती जन्मभर पुरली. १९०२ त त्याने बेट सोडले.

१९०५ त तो हिंदुस्थानात आला. कर्झनच्या कारकीर्दीत बिहारमधील पुसा येथे शेतीसंशोधनसंस्था निघाली, तीत तो सरकारी वनस्पतितज्ज्ञ झाला. त्याच वर्षी मुंबईत त्याचे गॅब्रिएल मथाई या विदुषीशी लग्न झाले. ही बाई स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि पुढील पंचवीस वर्षांतील त्याच्या जवळजवळ सर्व कामात ती बरोबरीची वाटेकरी होती. पुसाचे गहू या दांपत्याने तयार केले. त्याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की हॉवर्डने येथे पहिल्याप्रथम स्वतःसाठी पाऊणशे एकर जमीन मागून घेतली, आणि भोवतालच्या शेतकऱ्यांना व पिकांवरील किडींना आपले गुरू मानून तो शिकू लागला. साहेबाने नेटिव्ह शेतकऱ्याचे शिष्यत्व पत्करावे हे त्या काळच्या खात्यात कितपत रुचले असेल याची कल्पना कोणत्याही खात्यात नोकरी केलेल्यास करता येईल. पुसास एक विभाग रोगांचा, एक किडींचा, एक रसायनाचा, आणि कोणाची मेजर्‍यादा कोणी ओलांडावयाची नाही. रोपटे मात्र एकच असे, त्याला हे विभाग ठाऊक नसत.

शेवटी वेगळी संस्था काढण्याचे ठरले. जागा मिळाली इंदूरला. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, कापसाच्या मध्यवर्ती समितीने व मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा दिला, आणि १९२४ त हॉवर्ड त्या संस्थेचा संचालक झाला. येथे १९३१ पर्यंत जे घडले त्यातून आज जगभर 'सेंद्रिय' या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या शेतीची पहिली पक्की रीत तयार झाली. इंग्रजीत तिचे नावच 'इंदूर पद्धती' असे आहे.

ती रीत ऐकावयास अगदी साधी आहे. काळ्या जमिनीत तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व दोन फूट खोल असा खड्डा घ्यावयाचा. त्यात शेतातील पालापाचोळा, तण, धसकटे, गोठ्यातील गुरांखाली अंथरलेले काड, यांचे थर द्यावयाचे. त्यावर शेणकाला, गोठ्याच्या जमिनीतील मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख शिंपावयाची. ओल राखावयाची, पण चिखल होऊ द्यावयाचा नाही. हवा खेळती ठेवावयाची, पण सुकू द्यावयाचे नाही. ठरलेल्या दिवसांनी तीन वेळा उलथापालथ करावयाची. सुमारे तीन महिन्यांत कचऱ्याचे काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत होते. कापसाच्या पऱ्हाट्या कुजण्यास फार कठीण. म्हणून त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरून ठेवीत, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या पायांखाली त्यांचा भुगा झाला की उचलून खड्ड्यात घालीत. चाळीस बैलांच्या त्या शेतावर वर्षाकाठी सुमारे एक हजार गाड्या खत निघे. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळणाऱ्या देशात ही गोष्ट लहान नव्हती.

आमचे वाचक म्हणतील, यात नवे ते काय? उकिरडा तर आमच्या आजोबांच्या परड्यातही होता. ही शंका रास्त आहे, आणि खुद्द हॉवर्डनेही कधी आपण उकिरडा शोधून काढला असे म्हटले नाही. चीन, कोरिया व जपानमधील शेतकरी कचऱ्याचा कणही वाया जाऊ देत नाहीत, हे अमेरिकेच्या किंग नावाच्या मृत्तिकाशास्त्रज्ञाने १९११ त लिहून ठेविले होते, तेही त्याने मान्य केले आहे. नवे होते ते मोजमाप. उकिरडा कधी साधतो, कधी सडतो, कधी नुसता वाळतो. असे का होते? कचऱ्यातील कर्बाचे नत्राशी प्रमाण काय असले म्हणजे जीवाणू कामास लागतात? हॉवर्ड यांच्या ग्रंथात आरंभीचे प्रमाण तेहतीसास एक असे धरलेले आहे. काड अधिक पडले तर ढीग थंड राहतो, शेण अधिक पडले तर नत्र हवेत उडून जाते. ढिगाची उष्णता किती चढते, किती दिवस टिकते, उलथल्यावर पुन्हा किती वर जाते, याचे आलेख काढावे लागतात. दर टप्प्याला नमुने घेऊन पृथक्करण करावे लागते. हे काम स्फूर्तीचे नाही, नोंदवहीचे आहे. ज्या रसायनशाळेत ते झाले तिचे प्रमुख साहाय्यक होते यशवंत वाड.

१९३१ त ऑक्स्फर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून कुजखत करण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यावर दोन नावे आहेत: वर अल्बर्ट हॉवर्ड, खाली यशवंत डी. वाड. कारकुनी मनाला येथे थोडे थांबल्यावाचून राहवत नाही. संचालकाने साहाय्यकाच्या टिपणावर आपली सही करावी व टिपण वर पाठवावे, ही आपणां सर्वांच्या परिचयाची रीत आहे, आणि त्या काळात तर साहेब व साहाय्यक यांमध्ये रंगाचीही भिंत होती. असे असता त्या पुस्तकावर वाडांचे नाव परिशिष्टात किंवा आभारात नाही, मुखपृष्ठावर आहे. हा हॉवर्डचा न्यायीपणा आम्ही मोठा मानतो. पुढची वाटणी मात्र नेहमीसारखीच झाली. हॉवर्ड १९३१ त निवृत्त होऊन विलायतेस गेला, १९३४ त 'सर' झाला, १९४० त त्याने आपला प्रसिद्ध शेतीविषयक ग्रंथ लिहून १९३० त वारलेल्या गॅब्रिएलला अर्पण केला, आणि त्या ग्रंथाने इंग्लंड-अमेरिकेत एक चळवळच उभी केली. इंदूरचे खड्डे केनियातील कॉफीच्या मळ्यांत व हिंदुस्थानातील चहाच्या मळ्यांत गेले. त्याच १९४० साली लॉर्ड नॉर्थबोर्न याने आपल्या पुस्तकात 'सेंद्रिय शेती' हा इंग्रजी शब्दप्रयोग रूढ केला. वाडांच्या वाट्यास मुखपृष्ठावरील दुसरी ओळ आली. तरीही कुजखतावर जगात कोठेही शास्त्रीय निबंध लिहिला जातो तेव्हा त्यात 'हॉवर्ड आणि वाड, १९३१' हा निर्देश बहुधा येतोच. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. उकिरड्याचा शास्त्रज्ञ अजून पाळीची वाट पाहत आहे.

गांधीजी १९३५ च्या एप्रिलात हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले तेव्हा त्यांनी ही खतनिर्मिती जाऊन पाहिली. त्यांना त्यात खतापेक्षाही अधिक काही दिसले असले पाहिजे. शेण आणि मैला यांना हात लावणारा माणूस ज्या समाजात सर्वांत खाली ठेविला होता, तेथे त्याच वस्तूस सोने ठरविणारी ही विद्या होती. सांप्रत त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

आता बंगळुराकडे यावयास हरकत नाही, कारण या कथेत या गावाचाही मोठा वाटा आहे आणि तो येथे राहणाऱ्यांस अभावानेच ठाऊक असतो. टाटांच्या विज्ञानसंस्थेत गिल्बर्ट फाउलर नावाचे प्राध्यापक होते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या विद्येत त्यांचे नाव जगभर झालेले. त्यांनी व रेगे यांनी १९२२ च्या सुमारास, म्हणजे इंदूरच्या आधी, येथे खताचा एक प्रयोग केला. एकदा चांगला चेतलेला ढीग तयार झाला की त्यातील थोडा भाग नव्या कचऱ्यात मिसळावयाचा. मग नवा कचराही लवकर चेततो. आमच्या वाचकांस हे समजावून सांगण्यास रसायनशास्त्र नको, विरजण पुरे. रेगे हे आडनाव कोठले ते सांगण्याचीही गरज नाही. वाड आणि हॉवर्ड यांच्या पुस्तकात या बंगळुरी प्रयोगाचा परामर्श घेतलेला आहे.

त्यानंतर १९३९ च्या सुमारास याच संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरांसाठी वेगळी रीत बसविली. इंदूरच्या ढिगास वरचेवर उलथावे लागते, पाणी द्यावे लागते, माशाही होतात. नगरपालिकेजवळ तितके हात कोठून येणार? आचार्यांनी सुमारे मीटरभर खोल चर घेतले, त्यांत शहराचा केर व मैला यांचे आलटूनपालटून थर दिले, आणि वर वीतभर केराचा जाड थर देऊन चर झाकून टाकले. मग उलथणे नाही, पाणी नाही. सहा ते आठ महिन्यांनी खत तयार. यास 'बंगळूर पद्धती' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या पुस्तिकांतून इंदूर व बंगळूर ही दोन नावे जोडीने येतात. कुजखताच्या दोन जगप्रसिद्ध रीतींना दोन भारतीय शहरांची नावे आहेत, आणि त्यांतील एक शहर होळकरांचे व दुसरे एके काळचे शहाजीराजांच्या जहागिरीचे, हा निव्वळ योगायोग असला तरी आम्हां मराठी माणसांस तो गोड लागतो.

योगायोगाची दुसरी बाजू तितकी गोड नाही. १९७५ त कर्नाटक सरकारने शहराच्या केरापासून खत करण्यासाठी बंगळुरात एक महामंडळ काढले. परंतु शहर ज्या वेगाने वाढले त्या वेगाने केर वेगळा करण्याची सवय वाढली नाही. मावळ्ळीपुर व मंडूर या गावांच्या शिवारात बंगळूरचा केर वर्षानुवर्षे ओतला गेला. तेथील पाणी नासले, रोगराई वाढली अशी गावकऱ्यांची तक्रार होती. लोक रस्त्यावर उतरले, २०१२ त मावळ्ळीपुरची केरभूमी बंद झाली आणि २०१४ च्या अखेरीस मंडूरची. जल्लोष करण्याजोगे त्यात काही नव्हते. केर दुसऱ्या शिवारात गेला इतकेच. बंगळूरच्या ज्या घरांतून सेंद्रिय गूळ व सेंद्रिय डाळ मागविली जाते, त्यांच्याच दारचा ओला व सुका केर एका पिशवीत बांधून निघाला, तर आचार्यांची रीत पुस्तिकेत राहणारच. बेटावर जाऊन शेती करू म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या सज्जात खताची कुंडी आहे, हे आम्ही ओळखीच्यांना विचारून पाहिले आहे. संख्या येथे देत नाही.

नोकरी सोडून बेटावर शेती करणारा कोणी झालाच नाही काय? झाला, आणि त्याची गोष्ट या स्वप्नाळूंत आवडीने सांगितली जाते. जपानचा मासानोबू फुकुओका हा योकोहामाच्या कस्टम कचेरीत वनस्पती तपासणारा नोकर होता. १९३८ त, पंचविशीत, त्याने राजीनामा दिला आणि शिकोकू बेटावरील आपल्या वडिलांच्या शेतावर तो परतला. झाडांना मोकळे सोडावे, निसर्ग सांभाळील, अशा श्रद्धेने त्याने संत्र्यांची छाटणी थांबविली, आणि वडिलांची पुष्कळ झाडे मेली. यापुढचा भाग सांगणारे बहुधा गाळतात. फुकुओका पुन्हा सरकारी नोकरीत शिरला. कोची प्रांताच्या शेती-प्रयोगकेंद्रात त्याने युद्धाची वर्षे काढली, आणि युद्ध संपल्यावर तो शेतावर गेला तो कायमचा. त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले १९७५ त. राजीनामा व पुस्तक यांमध्ये सदतीस वर्षे गेली, आणि जमीन वडिलोपार्जित होती. आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी बेट सोडाच, मोठ्या शेताचीही अट घातली नाही. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा साधावा याचा हिशेब त्यांनी मांडला, आणि पानांचे क्षेत्रफळ व सूर्यप्रकाश मोजून तो शेतकऱ्यांकडून करवून पाहिला.

संबंध बेटच सेंद्रिय करून टाकण्याचा प्रयोग मात्र आमच्या डोळ्यांदेखत झाला. २०२१ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या सरकारने रासायनिक खते व कीटकनाशके यांच्या आयातीवर बंदी घातली. परकीय चलनाची टंचाई हे त्यामागील मोठे कारण होते, जरी घोषणा निसर्गप्रेमाची होती. भाताचे पीक खाली आले, चहाचे मळे अडचणीत आले, शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. सेंद्रिय शेतीच फसवी, असा निष्कर्ष काहींनी यावरून काढला. आम्हांस तसे वाटत नाही. सिक्कीमने तोच संकल्प २००३ त सोडला व २०१६ त तो पुरा झाल्याचे जाहीर केले. तेथेही अडचणी आल्या, परंतु तेरा वर्षे दिली होती. श्रीलंकेत वटहुकूम निघाला तेव्हा खड्ड्यांत खत नव्हते. इंदूरच्या खड्ड्यालाही नव्वद दिवस लागत, आणि त्या खड्ड्यामागे गुरे लागत, अंथरूण लागे, ढीग उलथणारी माणसे लागत, वही ठेवणारा कोणी लागे.

राहता राहिले ते खरोखरचे बेट, जेथे रासायनिक खत नाही, नारळ आहेत, समुद्र आहे, आणि जे आपल्याच केंद्र सरकारच्या कारभाराखाली आहे. कार निकोबार व नानकौरी या बेटसमूहांतील १४,४९१ हेक्टर क्षेत्रास २०२१ त सरकारने सलग प्रदेश म्हणून सेंद्रिय असल्याचे प्रमाणपत्र दिले. तेथे रसायन कधी शिरलेच नव्हते, म्हणून नेहमीप्रमाणे दोनतीन वर्षांची वाट पाहावी लागली नाही. नारळाची ती बने निकोबारी कुटुंबांची सामाईक मालमत्ता आहेत. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाप्रमाणे बाहेरच्या माणसास तेथे परवान्यावाचून पाय ठेवता येत नाही, जमीन घेणे तर दूरच. आणि मॉरिशसचा इतिहास वाचल्यावर हा विनियम आम्हांस अगदी योग्य वाटतो.

कामावर नेमलेल्या सरकारी नोकरास मात्र त्या द्वीपसमूहात जाता येते. श्री विजयपुरम्, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथील एका जागेसाठी इच्छुकांची नावे मागविणारे परिपत्रक मध्यंतरी आमच्या कचेरीत फिरले. त्यावर अकरा जणांनी वाचल्याची सही केली आहे, त्यांत आमचीही आहे. नावाचा रकाना अद्याप कोरा आहे.